ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल: रोजच्या रस्त्यासाठी कोणतं, ट्रॅकसाठी कोणतं?

मोबाइलवर ‘परफॉर्मन्स ब्रेक पॅड’ असं शोधून बघा. लाल, पिवळे, निळे असे डझनभर पॅड समोर येतात आणि प्रत्येकाखाली ‘रेस’, ‘ट्रॅक’, ‘एक्स्ट्रीम’ असे शब्द. पहिली बाइक किंवा पहिली सेकंडहँड हॅचबॅक घेतलेल्या माणसाला साहजिकच वाटतं, रेसमध्ये चालतात म्हणजे रस्त्यावर तर भारीच चालतील. गडबड इथेच होते. अस्सल रेस पॅड लावून पहाटे सहाला पावसात बाहेर पडलात आणि पहिल्याच चौकात रिक्षा आडवी आली, तर तो महागडा पॅड कंपनीच्या साध्या पॅडपेक्षा कमी पकडू शकतो. आता उलटं बघा. कंपनीचेच पॅड आणि तीन वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल असलेली गाडी ट्रॅकवर नेली, तर चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल थेट तळाला जाऊ शकतं.

दोन्हीचं कारण एकच, तापमान. त्यामुळे ‘सगळ्यात पॉवरफुल कोणतं’ हा प्रश्न बाजूला ठेवा. माझे ब्रेक किती गरम होतात आणि थंड असताना मला ते किती वेळा लागतात, एवढं विचारलं की निवड बरीच सोपी होते.

गाडी थांबते तेव्हा नेमकं काय होतं?

पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात, घर्षण होतं आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णता बनून डिस्कमध्ये शिरते. किती? १,२०० किलोची हॅचबॅक ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे ४६० किलोज्यूल. दीड लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. गॅसवर त्याला काही मिनिटं जातात, ब्रेक हे काम तीन-चार सेकंदांत उरकतात. वेग निम्मा, म्हणजे ५० असेल, तर ऊर्जा पाव होते, कारण हिशोबात वेगाचा वर्ग येतो. आणि वेग १५० असेल तर १०० च्या सव्वादोन पट.

यातला मोठा वाटा पुढचे ब्रेक उचलतात, कारण ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली आणि तिच्या वाट्याला एक तृतीयांश ऊर्जा आली, तर १०० वरून एकदा थांबल्यावर ती साधारण ६५ अंश सेल्सिअसने तापते. एवढ्याने काहीच बिघडत नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत वाऱ्याने ती पुन्हा थंड होते. म्हणूनच शहरात डिस्क सहसा शंभर-दोनशे अंशांच्या आत राहते.

ट्रॅकवर हा हिशोब कोलमडतो. १५० वरून ६० वर आलात की तीच डिस्क एका झटक्यात सव्वाशे अंशांनी तापते, आणि वीस-तीस सेकंदांत पुढचं वळण येतं. मधल्या वेळात थोडी थंड होते, पण पुरेशी नाही. काही लॅपमध्ये चारशे-पाचशे अंश गाठणं अवघड नसतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मागची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या शेवटी लागणारा ब्रेक हा रोजच्या रस्त्यावर आयुष्यात कधी न लागणारा ब्रेक असतो.

बाइकवाल्यांनो, तुमचा आकडा लहान वाटेल. १५० किलोची बाइक आणि ७० किलोचा रायडर, १०० वरून थांबताना सुमारे ८५ किलोज्यूल. पण पुढची डिस्क जेमतेम सव्वा किलोची असते आणि जोरात ब्रेक मारल्यावर जवळजवळ सगळं काम तीच करते. एका ब्रेकमध्ये ती शंभराहून जास्त अंशांनी तापते. नशीब एवढंच की ती उघड्यावर, वाऱ्यात असते, त्यामुळे लवकर निवते.

घाट म्हणजे आपला गरिबाचा ट्रॅक

आपल्यापैकी बहुतेक जण ट्रॅकवर कधीच जाणार नाहीत, पण घाट उतरणार नाही असा महाराष्ट्रात कोण आहे? चार माणसं आणि सामान धरून १,५०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली, तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ७,४०० किलोज्यूल देतं. म्हणजे तीच भरलेली गाडी १०० वरून बारा-तेरा वेळा थांबवण्याइतकी ऊर्जा. वारा आणि टायर त्यातली काही खातात. बाकीची एकतर इंजिन खातं किंवा ब्रेक. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणं हे तर हजार मीटरपेक्षा जास्त आहे. शिवाय घाटात वेग कमी, त्यामुळे डिस्कला वाराही कमी.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी शास्त्रशुद्ध आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे लोक सगळी ऊर्जा ब्रेकच्या माथी मारतात. वर इंजिन बंद केलं असेल तर बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट: वरच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के चार्ज करून लगेच उतरायला लागलात, तर रीजनरेटिव्ह ब्रेकिंग कमी मिळतं, कारण ती वीज साठवायला जागाच नसते.

पॅडमध्ये असतं काय?

पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेलं घर्षणाचं मिश्रण. या धंद्याची सुरुवात गमतीशीर आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या चढ-उतारांवर गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट लावून वेग कमी करत, ते पाहून हर्बर्ट फ्रूडने ब्रेकचं अस्तर बनवायला सुरुवात केली असं सांगतात. १८९७ साली त्याने सुरू केलेली कंपनी म्हणजे आजची फेरोडो.

आजचे पॅड ढोबळमानाने चार प्रकारचे. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, रबर आणि या सगळ्याला धरून ठेवणारं रेझिन असतं. आवाज करत नाहीत, डिस्क फार खात नाहीत आणि मुख्य म्हणजे पहिल्या ब्रेकपासून पकडतात. बहुतेक गाड्यांना कंपनीतून असेच किंवा याच्या जवळचे पॅड येतात. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे मात्र रेझिन जळायला लागतं आणि पकड घसरते. सिरॅमिक पॅड हे त्याचंच सुधारलेलं, कमी धूळ करणारं भावंड समजा. नावावरून सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्याचा संबंध जोडू नका. हे पॅड आरामासाठी आहेत, ट्रॅकसाठी नाहीत. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडाचे तंतू आणि चुरा असतो, त्यामुळे ते उष्णता जास्त सोसतात. बदल्यात थोडी धूळ, थोडी किरकिर. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी म्हणून विकले जाणारे बरेचसे पॅड याच घराण्यातले.

सिंटर्ड पॅड बाइकवाल्यांनी ओळखायला हवेत. यात धातूची पूड दाबून आणि तापवून एकजीव केलेली असते. पावसात आणि गरम झाल्यावरही पकड टिकते. पण ते डिस्क जास्त झिजवतात आणि उष्णता कॅलिपरकडे, म्हणजे ब्रेक ऑइलकडे, जास्त पोचवतात. तुमच्या बाइकला कंपनीने सिंटर्ड दिले असतील तर बदलतानाही सिंटर्डच घ्या. ऑरगॅनिक दिले असतील तर आधी मॅन्युअल बघा, डिस्क सिंटर्डसाठी बनलेली आहे का ते. कास्ट आयर्नच्या डिस्कवर सिंटर्ड लावू नका.

आणि अस्सल रेस पॅड? त्यांचं मिश्रण सहाशे-सातशे अंशांतही टिकेल असं केलेलं असतं. पण यातले बरेच पॅड शंभर-दीडशे अंश गाठेपर्यंत धड कामाला लागत नाहीत. रस्त्यावर ते तापमान येतच नाही, मग थंडपणी ते डिस्कला खरवडत राहतात: आवाज, धूळ, डिस्कची झीज आणि नेमक्या गरजेच्या वेळी कमी पकड. पैसे देऊन ब्रेक खराब करून घेण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

पॅडवरची ती दोन अक्षरं

बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या कोडच्या शेवटी ‘एफएफ’, ‘जीजी’, ‘ईएफ’ अशी रोमन अक्षरं असतात. अमेरिकेच्या एसएई या संस्थेची ही पद्धत. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, आणि एच त्याच्याही वर. बाइकच्या सिंटर्ड पॅडवर ‘एचएच’ दिसतं ते हेच.

‘एफई’ दिसलं तर समजा, गरम झाल्यावर हा पॅड सुस्तावतो. रस्त्यासाठी ‘एफएफ’ हा चांगला, सुरक्षित आकडा. पण या कोडवर फार विसंबू नका. ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर होते आणि गरम बाजूला ती साधारण ३४० अंशांपर्यंतच जाते. म्हणजे ट्रॅकवरच्या तापमानाबद्दल ती काहीच बोलत नाही. झीज किती, आवाज किती, हेही त्यात नाही.

त्यापेक्षा कंपनीच्या साइटवरचा घर्षण आणि तापमानाचा आलेख उघडा. मोबाइलवर झूम करून डावं टोक बघा: ५० अंशांपाशी रेष कुठून सुरू होते? तिथे ती चांगली वर असेल तर पॅड रस्त्यासाठी चालेल. मग उजवीकडे ती कुठे कोसळते ते बघा. लोक फक्त उजवं टोक बघतात आणि फसतात.

युरोपातून येणाऱ्या पॅडच्या बॉक्सवर ‘आर९०’ ची खूण शोधता येते. ती असेल तर पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आसपास असल्याची चाचणी झालेली असते. निव्वळ रेसच्या पॅडवर ही खूण नसते.

ब्रेक ऑइल: ज्याला ऑइल म्हणतात पण ते ऑइल नसतं

पॅडवर हजारो रुपये खर्च करणारे लोक ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सांगू शकत नाहीत. माझ्या मते प्राधान्य नेमकं उलटं हवं.

ब्रेक ऑइल हे ग्लायकॉलपासून बनवलेलं द्रव आहे. त्यात खरं ऑइल, म्हणजे इंजिन ऑइल किंवा पेट्रोल, चुकून जरी गेलं तरी मास्टर सिलिंडर आणि कॅलिपरमधली रबरी सीलं फुगून खराब होतात. तुमच्या पायाचा किंवा बोटांचा दाब पॅडपर्यंत पोचवणं एवढंच या द्रवाचं काम. द्रव दाबला जात नाही म्हणून दाब पोचतो. पण ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ लागत खाली जातं. पुढे गाडी, मागे ट्रक आणि पायाखाली स्पंज.

आता पाण्याची गोष्ट. ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं: रबरी नळ्यांतून, सीलांतून, टाकीच्या झाकणातून. आणि पाणी मिसळलं की उकळबिंदू धाडकन खाली येतो. म्हणून प्रत्येक ग्रेडचे दोन आकडे असतात. ‘ड्राय’ म्हणजे ताज्या बाटलीचा, ‘वेट’ म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावरचा. नियमानुसार किमान आकडे असे:

डॉट ३: ड्राय २०५ अंश, वेट १४० अंश
डॉट ४: ड्राय २३० अंश, वेट १५५ अंश
डॉट ५.१: ड्राय २६० अंश, वेट १८० अंश

डॉट ४ च्या ओळीकडे पुन्हा बघा. पाणी शोषलेलं डॉट ४ हे ताज्या, स्वस्त डॉट ३ पेक्षा ५० अंश आधी उकळतं. म्हणजे बाटलीवरच्या ग्रेडपेक्षा तिचं वय जास्त महत्त्वाचं. कोकणात किंवा मुंबईत, पावसाळाभर दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीत हे आणखी लक्षात ठेवा. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात, आणि साध्या डॉट ४ ची बाटली काही शे रुपयांत येते. एवढ्या पैशात ब्रेकवर याहून मोठा फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

डॉट ५ आणि डॉट ५.१ या नावांनी मात्र घोळ घातला आहे. ५.१ हे ग्लायकॉलचंच, त्यामुळे ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळले तरी बिघाड होत नाही (उकळबिंदू मधला कुठला तरी होतो इतकंच). डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, रंगाने सहसा जांभळं. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि एबीएसच्या गाडीत तर ते नकोच. ते पाणी शोषत नाही हे खरं, पण आत शिरलेलं पाणी मग कॅलिपरच्या तळाशी वेगळं साचतं आणि शंभर अंशांनाच उकळतं. काही जुन्या हार्ले बाइकमध्ये डॉट ५ यायचं. तुमच्याकडे तशी बाइक नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय त्याच्या खालचा ग्रेड कधीच घालू नका.

रेसिंगची ऑइल्स कागदावर बहुतेक डॉट ४ च असतात, पण आकडे वेगळ्याच उंचीवर. मोतुलच्या आरबीएफ ६०० चा ड्राय आकडा ३१२ अंश आणि वेट २०५ अंश. कॅस्ट्रॉलच्या एसआरएफचा ड्राय ३२० अंश, तर वेट तब्बल २७० अंश. म्हणजे पाणी शोषल्यावरही ते ताज्या डॉट ५.१ च्या किमान आकड्याच्या वर. किंमतही तशीच चढी. एक-दोन ट्रॅक डे करणाऱ्याला पहिलं पुरे. दुसरं वारंवार जाणाऱ्यांसाठी.

ब्रेक ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

हे ओळखता आलं पाहिजे, कारण दोन्ही बिघाडांचा उपाय वेगळा आहे.

पेडल किंवा लिव्हर कडक आहे, पण जोर लावूनही गाडी हवी तशी थांबत नाही आणि जळका वास येतोय: पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. वेग कमी करून, गिअर खाली घेऊन त्यांना थंड होऊ द्या. हेच वारंवार होत असेल तर जास्त तापमानाचा पॅड हवा.

पेडल मऊ लागतंय, खोल जातंय, दोन-तीनदा भराभर दाबल्यावर थोडं वर येतंय: ऑइल उकळलंय, किंवा लाइनमध्ये हवा आहे, किंवा कुठेतरी गळतंय. पॅड बदलून यात काही होणार नाही. भराभर पंप करत, गिअरने वेग मारत, हँडब्रेक हळूहळू ओढत बाजूला घ्या.

यात एक फसवी गोष्ट आहे. ऑइल थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल बरंचसं पूर्ववत लागतं. मग माणूस म्हणतो, ‘मघाशी काहीतरी झालं होतं, आता ठीक आहे.’ ठीक नसतं. ते ऑइल बदलेपर्यंत पुढच्या घाटात तेच होणार. दुसरी गोष्ट घाटाखालच्या चहाच्या टपरीची. गाडी थांबली की वारा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये शिरत राहते. त्यामुळे उतरताना न उकळलेलं ऑइल चहा पिताना उकळू शकतं. निघण्याआधी गाडी जागेवर असतानाच पेडल एकदा पूर्ण दाबून बघा.

मग कोणी काय घ्यायचं?

फक्त शहर आणि हायवे असेल तर कंपनीचेच पॅड आणि दोन वर्षांच्या आतलं डॉट ४. इथे ‘अपग्रेड’ चा हट्ट कशाला? तुमचे ब्रेक थंड असताना चाक लॉक करू शकत असतील किंवा एबीएस चालू करू शकत असतील, तर एका ब्रेकमध्ये थांबण्याचं अंतर पॅडने कमी होणार नाही. तिथे मर्यादा टायरची आहे. ते पैसे टायरला घाला.

दर शनिवार-रविवार घाट, मागे सामान, कधी जोरात चालवणं असं असेल तर चांगल्या ब्रँडचा रस्त्यासाठीचा सेमी-मेटॅलिक पॅड, बाइकला मॅन्युअल परवानगी देत असेल तर सिंटर्ड. ऑइल डॉट ४ किंवा ५.१, आणि ते दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलायचं.

पहिला ट्रॅक डे असेल तर गोष्ट रंगतदार होते. आपल्याकडून लोक बहुतेक चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटला नाहीतर कोइमतूरला जातात. पुण्याहून दोन्हीकडे साधारण १,२०० किलोमीटर. बरेच जण तीच गाडी चालवत नेतात आणि तीच चालवत परत आणतात. म्हणजे रेस पॅड लावून निघालात तर जाता-येता चोवीसशे किलोमीटर हायवेवर थंड रेस पॅड वापरणार. पहिल्या वेळी दोन्हीकडे चालणारा पॅड घ्या. फेरोडोचा डीएस२५०० किंवा ईबीसीचा यलोस्टफ ही या वर्गातली ओळखीची नावं. पहिल्यांदा जाणारा माणूस तसाही ब्रेकच्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोचतो. ऑइलमध्ये मात्र तडजोड नको: निघण्याच्या आठवड्यात पूर्ण बदलून उच्च उकळबिंदूचं घाला. आणि पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. जाड पॅड डिस्कची उष्णता ऑइलपासून लांब ठेवतो, पातळ पॅड ती थेट पोचवतो. रस्त्यासाठी तीन मिलिमीटरला बदलला तरी चालतो, ट्रॅकसाठी तो पॅड संपलेलाच समजा.

नियमित ट्रॅकवर जाणाऱ्यांनी पॅडचे दोन सेट ठेवावेत आणि तिथे पोचून बदलावेत. मिश्रण वेगळं असेल तर शक्यतो डिस्कचाही वेगळा सेट. स्टीलच्या जाळीच्या ब्रेक पाइपने लिव्हरचा फील सुधारतो, पण त्यामुळे उकळबिंदू एक अंशही वाढत नाही. भोकं पाडलेल्या डिस्क फोटोत छान दिसतात. ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपासून तडे जायला लागतात.

नवे पॅड लावल्यावर

नवा पॅड लगेच पूर्ण जोमाने पकडत नाही. त्याच्या मिश्रणाचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड करा. पॅडच्या बॉक्समध्ये वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. हे न करता थेट घाटात गेलात तर नव्या पॅडमधून निघणाऱ्या वायूमुळेच पकड जाऊ शकते.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं की गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ म्हणून नवी डिस्क सुचवतात. रेसिंग इंजिनिअर कॅरल स्मिथ यांनी यावर आवर्जून लिहिलं आहे: बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तापलेला पॅड एका जागी दाबून धरल्यामुळे तिथे मिश्रणाचा जाड ठिपका बसलेला असतो. सिग्नलला जोरात थांबून मग पाय तसाच गच्च दाबून ठेवण्याची सवय यासाठीच मोडायची.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘ब्रेक ऑइल बघा’ म्हटलं की अनेक ठिकाणी टाकी वरून भरून देतात. याला बदलणं म्हणत नाहीत. उकळतं ते ऑइल खाली कॅलिपरमध्ये असतं, आणि तिथलं जुनं तसंच राहतं. स्पष्ट सांगा: चारही चाकांतून जुनं पूर्ण काढून नवं भरा. कारला साधारण एक लिटर लागतं, बाइकला पाव लिटरच्या आसपास. बाटलीचं सील समोर फोडायला सांगा, उत्पादनाची तारीख बघा, आणि उरलेली अर्धी बाटली ‘पुढच्या वेळी’ म्हणून कपाटात ठेवू नका, ती तिथेही ओल शोषत राहते. टाकी रिकामी होऊन हवा आत जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांना ती काढायला स्कॅनर लावावा लागतो.

टाकीतली पातळी हळूहळू खाली येत असेल तर बऱ्याचदा गळती नसते. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि ती जागा ऑइल भरतं. म्हणजे आधी पॅडची जाडी बघायची. न बघता टाकी भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑइल उतू जातं आणि ते रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

ट्रॅकवर असाल तर शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता, हळू मारा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. परत निघण्याआधी पॅडची जाडी टॉर्च मारून बघा आणि पेडल दाबून बघा. थोडंही मऊ वाटलं तर तिथेच हवा काढून घ्या, घर अजून १,२०० किलोमीटर लांब आहे.